नवीन ब्रीडरला 'सपोर्ट' करणारे लोक आणि माझे ६९,६०० रुपये

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, लाज वाटते भो. पण परवा भुसावळच्या एका पोराचा फोन आला, त्यालापण तेच "दादा" भेटलेत, म्हणून लिहितोय.

मी जळगावचा, ठिबकच्या सामानाचं छोटं दुकान. लॅब्राडोरचं ब्रीडिंग करायचं डोक्यात होतं, माहिती शून्य. आधी धुळ्याच्या एका जुन्या ब्रीडरकडे गेलो. त्याने गेटवरच चपला काढायला लावल्या, पिल्लांना हात लावू दिला नाही आणि तासभर मलाच प्रश्न. मे महिन्यात कुठे ठेवशील, सिझर करायची वेळ आली तर डॉक्टर कोण, पिल्लं नाही गेली तर सांभाळशील का. वर म्हणे, आधी दोन वर्षं एक कुत्रं नीट पाळ, मग ये. मला राग आला, एवढा कसला माज! तिथून निघालो तो सरळ या गोडबोल्यांच्या हातात.

हे आठ-दहा जण दर रविवारी एका टपरीवर जमायचे. नवीन माणसाला आपण सगळे मिळून उभं करू म्हणायचे, रात्री अकराला फोन केला तरी त्यांचे म्होरके दादा उचलणार. घरचे सगळे "कुत्र्यांचा काय धंदा असतो का" म्हणून हसत असताना कुणीतरी आपलं ऐकून घेतंय याचंच मला अप्रूप, आता यात कोण वाहवत जाणार नाही ते सांगा.

मेंबरशिप ५,१००. आठ महिन्यांची फिमेल, रोझी, ४२,०००. तिच्या वंशावळीचे पेपर माझ्या नावावर करायचे वेगळे ७,५००. मार्चमध्ये मेटिंग, स्टडचे, म्हणजे नराचे, १५,०००. सगळे यूपीआयने. बदल्यात प्रत्येक पिल्लू ९,००० ला आम्हीच उचलणार, हा शब्द. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, डिलिव्हरी झाली आणि दादा "बाहेरगावी".

आता ज्याच्यासाठी मी स्वतःला रोज शिव्या घालतो ते. दादा एकदा घरी आले, कालच एकाकडे पार्वोची (बुटांवरूनही पसरणारा, पिल्लांना जीवघेणा आजार) पिल्लं बघून आलो असं स्वतःच सांगत सांगत बुटांसकट आत शिरले आणि रोझीच्या गोधडीवर पाय देऊन उभे राहिले. धुळ्याचं गेट मला तेव्हाच आठवलं होतं. खटकलं होतं, बरं का! पण मोठा माणूस, कसं बोलायचं, म्हणून चहा सांगायला आत गेलो. आणि त्यांच्या काळ्या पँटवर एक केस नव्हता. घरात सात लॅब आहेत म्हणणाऱ्या माणसाच्या पँटवर! आमच्या एका रोझीचे केस वरणात निघतात.

दुसरं, मार्चमध्ये मेटिंग. तिथून डिलिव्हरीपर्यंतचे त्रेसष्ट दिवस मोजा, जळगावचा मे येतो. ४५ डिग्रीत कूलरपुढे ओली पोती टाकून रात्र रात्र बसलो, पाचातली दोन पिल्लं गेली. आई म्हणाली, "आते रडीसन काय व्हई?" रोझी मेटिंगच्या वेळी तेरा महिन्यांची होती. कुत्र्यांच्या ब्रीडिंगच्या २०१७ च्या सरकारी नियमात १८ महिन्यांच्या आत फिमेल लावायचीच नाही असं स्पष्ट आहे, हे मला नंतर कळलं. कुणी असं लवकर लाव म्हणालं की तिथूनच उठा.

मग डॉक्टरांनी कातडीखालची ओळखीची चिप वाचणारा स्कॅनर फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत चिपच नाही. पेपरवरचा नंबर मोजला तर १४ आकडे, चिपचा असतो १५ आकडी. तो कागद मी लॅमिनेट करून दुकानात लावला होता, सात महिने. आपल्यासमोर स्कॅन झाल्याशिवाय रुपया काढू नका.

पोलीस ठाण्यात साहेब आधी पोटभर हसले. "म्हैस असती तर समजलो असतो." मग लेखी करार आहे का, नाही, मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा. मी म्हटलं पैसे ऑनलाइन गेलेत, तर सायबरला पाठवलं, सायबरवाले म्हणे कुत्रं तर तुम्हाला मिळालंय, मग सायबर कसं? परत ठाण्यात. तीन चकरा, दुकान बंद ठेवून, शेवटी एका साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोच मागितली तर "विश्वास नाही का?" म्हणे! विश्वासापायीच इथे आलोय ना साहेब. एका सरकारी ऑफिसात गेलो तर तिथे उलटा प्रश्न, तुमचं स्वतःचं ब्रीडर म्हणून रजिस्ट्रेशन कुठे आहे? नव्हतं. दादा म्हणाले होते, लहान माणसाला लागत नाही. लागतं, आधी ते करा, नाहीतर तक्रार करायलापण तोंड उरत नाही. आणि पैसे गेले की सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन लावा, माझ्यासारखं "दादा येतील" म्हणत महिना घालवू नका.

तीन पिल्लं आठ आठवडे झाल्यावर ओळखीत फुकट दिली. धुळ्याच्या त्या माणसालाच शेवटी फोन केला, लाज सोडून. तो पुन्हा तासभर रागावला, मग रोझीला काय खाऊ घालायचं ते सांगितलं.

दादांनी नंबर बदललाय, पण भुसावळच्या पोराने मला त्यांचा फोटो पाठवला. दादांच्या मांडीवर फिकट रंगाची लॅब, मागे हिरवा कूलर, उजवीकडची जाळी तुटलेली. "आमच्या केनेलची फिमेल" असं लिहिलंय खाली. ते माझं अंगण आहे.