मऊ टिश्यूची ताणचाचणी: विद्यापीठातल्या एका लॅबची सेवा कितपत भरवशाची?

पुण्यातल्या एका विद्यापीठाची टिश्यू मेकॅनिक्स लॅब बाहेरच्या संशोधकांना आणि इम्प्लांट बनवणाऱ्यांनाही चाचण्या करून देते. दाराशेजारच्या फलकावर छापून आलेले शोधनिबंध, विद्यार्थ्यांची बक्षिसं, दोन दिशांनी ताण देणारं नवं बायअ‍ॅक्सियल यंत्र अशा बातम्या लावलेल्या असतात. कौतुक आहेच, पण सॅम्पल घेऊन येणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याने सॅम्पल कसं पकडतात आणि स्ट्रेन (मूळ लांबीच्या मानाने सॅम्पल किती ताणलं ते) कुठून मोजतात ते विचारावं. कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोर) आणि त्वचेसाठी ही लॅब उत्तम आहे, कूर्चेसाठी (सांध्यातल्या कार्टिलेजसाठी) सध्या नको.

पकडीपासून सुरुवात करू, कारण निम्मी सॅम्पलं तिथेच वाया जातात. बोकडाच्या पायातल्या कंडरेचा व्यास ५ मिमी धरला तर क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मिमी होतं. कंडरा साधारण ५० ते १०० मेगापास्कलला (दर चौरस मिमीला तितक्याच न्यूटनला) तुटते, म्हणजे १००० ते २००० न्यूटन जोर लागतो. ओल्या, बुळबुळीत कंडरेवर एवढा जोर आला की दातेरी ग्रिपमधून ती सुळकन निसटते, आणि जास्त आवळली तर जबड्यापाशी चिरडून तुटते. लॅब इथे क्रायोग्रिप वापरते: दोन्ही टोकं ड्राय आइसने जबड्यातच गोठवतात. मात्र ड्राय आइस उणे ७८ अंशांचा असतो. वेळ गेला की गारठा मधल्या भागात उतरतो आणि मग आपण कंडरेऐवजी बर्फ ताणत बसतो. त्यामुळे मध्यभागाचं तापमान थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या बारीक तारेने) बघत चाचणी झटपट उरकावी लागते, आणि ते इथले तंत्रज्ञ चोख करतात. त्वचेच्या पट्ट्यांना सँडपेपर आणि सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद पुरतो. पट्टी कोणत्या दिशेने कापली ते पाकिटावर लिहून द्या. लँगरच्या रेषांच्या (त्वचेतल्या नैसर्गिक ताणाच्या रेषांच्या) दिशेने आणि त्यांना आडवी कापलेली त्वचा एकसारखी वागत नाही.

स्ट्रेन क्रॉसहेडच्या (यंत्राच्या सरकत्या आडव्या दांड्याच्या) हालचालीवरून काढलेला नको, कॅमेऱ्याने टिपलेलाच मागा. ग्रिपमधलं अंतर २० मिमी असेल तर ४ टक्के स्ट्रेन म्हणजे जेमतेम ०.८ मिमी. टोक १ मिमी सरकलं तरी चूक मोजमापापेक्षा मोठी झाली! लॅबकडे कॅमेऱ्याने स्ट्रेन टिपणारा व्हिडिओ एक्स्टेन्सोमीटर आहे, पण फॉर्मवर खूण केली नाही तर क्रॉसहेडचे आकडे येतात. ही सोय मुळातच चाचणीत धरलेली असायला हवी होती.

क्षेत्रफळाची मोजणी हा कच्चा दुवा. इथे अजून व्हर्नियर कॅलिपरच चालतो. मऊ टिश्यू कॅलिपरमध्ये दबतो; ५ मिमीचा व्यास दोन्ही बाजूंनी ४.५ भरला तर क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटतं आणि स्ट्रेस (जोर भागिले क्षेत्रफळ) सुमारे २३ टक्क्यांनी फुगतो. लेझर मायक्रोमीटर येईपर्यंत निदान सॅम्पलशेजारी पट्टी ठेवून दोन बाजूंनी फोटो काढून मागावेत.

लोड सेलची, म्हणजे जोर मोजणाऱ्या सेन्सरची, निवड मात्र जाणकारीने होते. त्वचेच्या बारीक पट्टीच्या सुरुवातीच्या, ढिल्या भागात एक-दोन न्यूटनच जोर असतो. तो ५ किलोन्यूटनच्या सेलवर मोजला तर गोंगाटच हाती येतो. इथे पट्टीला ५० किंवा १०० न्यूटनचा सेल लावतात. सॅम्पल ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) बुडवूनच ताणतात, आणि पुण्याच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत ते हवंच, नाहीतर टिश्यू बघता बघता वाळून ताठ होतो. पण तासन् तास भिजवूनही चालत नाही, कंडरा पाणी पिऊन फुगते. आधी दहाएक प्रीकंडिशनिंग आवर्तनं, म्हणजे हलकं ताणून सोडण्याच्या फेऱ्या, देतात. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांचे आलेख एकमेकांवर बसतात की नाही ते कच्च्या डेटात तपासा. सुरुवातीचा प्रीलोड (ढिलेपणा काढायला दिलेला हलका जोर) किती धरला तेही लिहून घ्या. ०.१ आणि १ न्यूटनवरून शून्य धरलेले आलेख शेजारी ठेवले तर तुलनाच होत नाही.

रिलॅक्सेशन चाचणीत सॅम्पल ताणून तसंच धरतात आणि जोर कसा ओसरतो ते बघतात. तिच्या अहवालात बायोमेकॅनिक्सचे शास्त्रज्ञ फंग यांच्या क्वासी-लिनिअर मॉडेलचे स्थिरांक छापून येतात. मॉडेल जुनं आणि मानाचं आहे, हरकत त्याला नाही. सॅम्पल १०० सेकंदच धरून ठेवलं असेल तर हजार सेकंदांच्या घरातला दीर्घ कालस्थिरांक त्या डेटातून निघूच शकत नाही. सॉफ्टवेअर आकडा देतं, म्हणून छापायचा?

कूर्चेचंही असंच. २ मिमी जाडीच्या कूर्चेतलं पाणी बाजूंनी बंद साच्यात दाबल्यावर बाहेर झिरपून स्थिरावायला तासापेक्षा जास्त वेळ लागू शकतो. पाच मिनिटांत मोजलेला ‘समतोल’ मॉड्युलस (पाणी स्थिरावल्यानंतरचा ताठपणा) त्यामुळे बऱ्याचदा जास्तच निघतो. वेळ वाढवून देत नसतील तर ही चाचणी इथे करू नये.

शुल्क सॅम्पलमागे आहे, आणि ग्रिपमधून निसटलेलं सॅम्पलही शुल्कात मोजलं जातं. हे पटत नाही. निदान कुठे तुटलं याची नोंद अहवालात हवी. जबड्यापाशी तुटलेली सॅम्पलं ताकदीच्या सरासरीत धरायची नसतात.

सॅम्पल ताजं नेणं जमणार नसेल तर पीबीएसने भिजवलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, हवा काढलेल्या पिशवीत उणे २० अंशांवर ठेवा आणि एकदाच वितळवा. थर्मोकोलच्या पेटीत जेल पॅक घालून आणलं तरी शहरातल्या ट्रॅफिकचा हिशोब आधी करा. फॉर्मलिनमधलं सॅम्पल आणूच नका, फॉर्मलिनने कोलॅजेनचे धागे आपसात बांधले जातात आणि मग मोजलेल्या ताठपणाला अर्थ राहत नाही. मानवी टिश्यू असेल तर एथिक्स कमिटीचं पत्र सोबत लागतं, त्याशिवाय काउंटरवर पेटी उघडतसुद्धा नाहीत. उरलेले तुकडे लॅबच पिवळ्या पिशवीत टाकते, परत मागायचे असतील तर फॉर्मवर आधीच लिहा.