फाइलमध्ये डमी चावी भरली, तरी खरी चोरीला गेली

एकूण १,२१,६१८ रुपये गेले माझे. ८६,६१८ क्लाउडच्या (भाड्याने घेतलेल्या इंटरनेटवरच्या मशीन्सच्या) बिलाचे, ३५,००० क्लायंटने कापले ते. बारा वर्षं कोड लिहितोय, तरी फसलो. सांगायला लाज वाटते, पण नोकरी शोधणाऱ्या पोरांना हे कळायलाच हवं.

मुलाखतीआधी ‘छोटी टेस्ट’, रेपॉझिटरी (कोडचा गठ्ठा) उतरवा, चालवून दाखवा, हा प्रकार सगळ्यांनी ऐकलाय. मीही ऐकला होता. म्हणूनच मुलाखत घेणारे डॉट एन्व्ह फाइलमध्ये (प्रोग्रामच्या सेटिंग्जची फाइल) क्लाउडची चावी, म्हणजे खातं वापरायचा गुप्त कोड, टाका म्हणाले, तेव्हा मी खरी टाकली नाही. ‘डमी-१२३४’ लिहिलं. मी बेसावध नव्हतो, हे कुणी ऐकूनच घेत नाही.

प्रोग्राम सुरू झाला. टर्मिनलवर (कमांड लिहायच्या खिडकीत) ओळ आली, ‘चावी लोड झाली’, आणि पुढे तिची शेवटची चार अक्षरं: ७क्यूएक्सडी. मी भरलेली किंमत १२३४ ने संपत होती. ही अक्षरं माझ्या खऱ्या चावीची होती, आणि मी ती वाचली. डोळ्यांनी वाचली! पलीकडून कॅमेरा बंद ठेवलेला माणूस म्हणाला, “रन झालं ना? व्हेरी गुड, पुढे जाऊ.” आणि मी पुढे गेलो. त्याच क्षणी लॅपटॉप बंद करून चावी रद्द केली असती, तर एक रुपया गेला नसता. पाच महिने घरी बसलेल्या माणसाला मुलाखत मध्येच थांबवायचं धाडस होत नाही.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या साइटसाठी मी ती चावी बॅशआरसीमध्ये, म्हणजे टर्मिनल उघडताच आपोआप चालणाऱ्या फाइलमध्ये, व्हेरिएबल (नाव दिलेली किंमत) म्हणून एक्स्पोर्ट करून ठेवली होती. टर्मिनलमधून सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला अशा सगळ्या व्हेरिएबल्सची प्रत आपोआप मिळते. आणि डॉट एन्व्ह फाइल वाचणारी डॉटएन्व्ह लायब्ररी, ते व्हेरिएबल आधीच सेट असेल तर त्याला हात लावत नाही. फाइलमधली किंमत सोडून देते. बदलायची असेल तर ओव्हरराइड वेगळं सांगावं लागतं. माझी डमी कुणी वाचलीच नाही. कोडमध्ये खोल एका फाइलमध्ये अख्खं प्रोसेस डॉट एन्व्ह, म्हणजे प्रोग्रामला मिळालेली सगळी व्हेरिएबल्स, गोळा करून बाहेर पाठवणारी एक ओळ होती. अनोळखी कोड चालवण्याआधी ‘प्रोसेस डॉट एन्व्ह’ शोधा, दोन मिनिटं लागतात.

हे नवंही नाही. २०१७ साली एनपीएमवर (जावास्क्रिप्टच्या तयार कोडचं भांडार) ‘क्रॉसएन्व्ह’ नावाचं बनावट पॅकेज सापडलं होतं. खऱ्या ‘क्रॉस-एन्व्ह’मधली आडवी रेघ तेवढी काढलेली. इन्स्टॉल होताच ते मशीनवरची व्हेरिएबल्स पळवायचं.

रात्री शंका आली म्हणून बॅशआरसीमधली ओळ पुसली आणि झोपलो. दुसरी चूक. ओळ पुसून चावी मरत नाही, ती क्लाउडच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते. तिसऱ्या दिवशी बिल दिसलं: २,१४,६१८. मी कधी न वापरलेल्या रीजनमध्ये (क्लाउडच्या दुसऱ्या ठिकाणच्या केंद्रात) मोठाली मशीन्स चालू होती. क्लाउड कंपनीने नऊ ईमेलनंतर १,२८,००० माफ केले. बाकीचं “तुमची जबाबदारी”.

पोलीस ठाण्यात चार चकरा झाल्या. पहिला प्रश्न, “पैसे कुणाच्या खात्यात गेले?” कुणाच्याच नाही साहेब, माझ्या नावावर बिल आलंय. “मग फसवणूक कशी? चावी तुमची, प्रोग्राम तुम्हीच चालवला.” फॉर्ममध्ये यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा क्रमांक) हवा, तो माझ्याकडे कुठून येणार? दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा सांगितलं, बँकेचं पत्र आणा. बँक म्हणाली, आमच्याकडे काही व्यवहारच झालेला नाही, पत्र कशाचं देऊ? चौथ्यांदा तीस पानांचे लॉग (मशीन्सच्या नोंदी) छापून नेले, तर “हे मराठीत लिहून आणा”. घरात चोर शिरला असता तर दार तुम्हीच उघडलं म्हणून परत पाठवलं असतं का? शेवटी अर्जावर शिक्का मिळाला. गुन्हा आजही नोंदलेला नाही.

परक्याचा कोड वेगळ्या व्हर्च्युअल मशीनवरच (संगणकातला वेगळा, बंदिस्त संगणक) चालवा. तेही जमत नसेल तर निदान ‘एन्व्ह -आय’ ही कमांड लावून मोकळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे आपली व्हेरिएबल्स न देता. पण डिस्कवरच्या फाइली त्याने सुरक्षित राहत नाहीत. बॅशआरसीमध्ये चावी ठेवू नका, दोन दिवसांसाठीसुद्धा. बिलाचा अलर्ट आजच लावा.

काल माझ्या जुन्या सहकाऱ्याला तीच टेस्ट आली. कंपनीचं नाव वेगळं, फाइल तीच, ती ओळही तीच.