दिव्यापुढे गार, खिडकीत गरम

पश्चिमेची खिडकी म्हणजे काय, हे वडोदऱ्यात मे महिन्यात दुपारी चारला आमच्या हॉलमध्ये बसल्याशिवाय कळायचं नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या घराला हातभर जाडीच्या भिंती होत्या. वासणा रोडच्या या फ्लॅटला नुसत्या काचा. म्हणून गेल्या वर्षी पाडव्याच्या सुमारास सोसायटीत खिडकीच्या काचेला ऊन अडवणारी फिल्म चिकटवून देणाऱ्याचा स्टॉल लागला, तेव्हा मी आपणहून तिथे जाऊन उभा राहिलो. मला कुणी ओढून नेलं नव्हतं, हे आधीच सांगतो.

टेबलावर लाल दिवा, त्याच्यापुढे दोन काचा. एक कोरी, दुसरीवर ‘नवीन नॅनो सिरॅमिक’. ‘‘काका, हाथ मूकी जुओ,’’ पोरगा म्हणाला. कोऱ्या काचेमागे हात धरवेना. फिल्मच्या काचेमागे झळ म्हणून नाही. मग त्यानं खिशातून छोटं मीटर काढलं आणि काच त्याच्या खाचेत सरकवली. यूव्ही 99, आयआर 95, म्हणजे अतिनील किरण 99 टक्के आणि इन्फ्रारेड 95 टक्के अडतात. भाव चौरस फुटाला 160 रुपये. आमच्या काचा भरल्या 120 फूट, म्हणजे 19,200. दहा हजार तिथेच दिले. पक्कं बिल मागितलं, तर म्हणाला, वर 18 टक्के जीएसटी लागेल. 3,456 रुपये वाचले म्हणून मी खूश! आज त्या खुशीचाच जास्त राग येतो.

बसवायला आली ती वेगळीच दोन पोरं. रोल खोक्यातून काढूनच आणलेला. फिल्मच्या पाठीवरचा प्लास्टिकचा थर सोलून त्यांनी गॅलरीत टाकला. त्यावर ना कंपनीचं नाव, ना नंबर. शाम्पूचं पाणी मारलं, रबरी पट्टीनं पाणी ओढलं, इथपर्यंत ठीक. पण काचेवर रंगाचा एक थेंब होता, तो एकानं कोरड्या ब्लेडनं खरवडला. कर्र आवाज झाला. मी ‘‘अरे, पाणी मार!’’ म्हणेपर्यंत दोन चरे पडले होते.

फुगे राहिले होते. ‘‘पाणी आहे, महिनाभरात सुकेल,’’ म्हणाले. पाण्याचे बारीक फुगे खरंच काही आठवड्यांत सुकतात, म्हणून मी थांबलो. त्यांना तेवढाच वेळ हवा होता. मे महिन्यात उजेड कमी झाला, झगझग गेली, आणि डोळ्यांना गार वाटलं म्हणून आठ-दहा दिवस मीही लोकांना ‘फरक आहे हं’ सांगत फिरलो. भिंत मात्र संध्याकाळी पूर्वीइतकीच तापलेली.

दिवाळीत हिनं पांढरे पडदे धुऊन लावले, ते जांभळट दिसायला लागले. पुन्हा धुतले. मग लक्षात आलं की रंग पडद्यांचा नाही, काचेचा बदललाय.

कापताना उरलेला एक तुकडा टेबलाच्या खणात होता. तो घेऊन रावपुऱ्यात या धंद्यातल्या एका जुन्या माणसाकडे गेलो. त्यानं कापसावर नेलपॉलिश काढायचं पाणी घेऊन गोंदाच्या बाजूनं घासलं. कापूस काळा-जांभळा. ‘‘ही रंगवलेली फिल्म. उन्हानं रंग उडतो, जांभळी पडते. सिरॅमिकचा कापूस असा रंगत नाही,’’ म्हणाला. स्टॉलवरची काच बहुधा खरी होती. माझ्या खिडकीला लागलेला रोल तो नव्हता.

मीटरचंही त्यानंच समजावलं. ते इन्फ्रारेडचा एक अरुंद पट्टा मोजतं आणि दिवाही बहुतांशी इन्फ्रारेडच फेकतो. उन्हातली निम्म्याच्या आसपास उष्णता इन्फ्रारेडची, बाकीची बरीचशी दिसणाऱ्या उजेडाची. म्हणून आयआर 95 म्हणजे 95 टक्के ऊन अडलं असं नव्हे. विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती अडते तो, आणि तोही कंपनीच्या छापील पत्रकावरचा. यूव्ही 99 तर पुष्कळ स्वस्त फिल्मलाही येतं.

दहा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड माझ्याकडे आहे. रोल नंबरची चौकट कोरी, फोन बंद. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडेही तेच कार्ड निघालं, चौकट तशीच कोरी.

फिल्म काढायला दोन रविवार गेले. बोटभर रुंदीचे तुकडे निघायचे आणि गोंद काचेलाच चिकटून राहायचा. साबणाचं गरम पाणी आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन तो घासत बसलो. गोंद गेला, चरे राहिले. सध्या तिथे वाळ्याचा पडदा टांगलाय आणि दुपारी तीनला त्यावर पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे आहे.