चार वेबसाइटना चार आयपी? माझे साडेतेरा हजार असे गेले

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरी टीव्हीच्या कपाटाखाली एक जुना डेस्कटॉप आहे. त्यावर लिनक्स टाकून मी सर्व्हर केलाय. बायकोचा फराळाचा व्यवसाय, मेहुण्याचे क्लासेस, आमची सोसायटी आणि वडिलांच्या कविता, अशा चार वेबसाइट त्यावर आहेत. सेटिंगसाठी ओळखीतून एक माणूस आला. "काका, प्रत्येक साइटला स्वतंत्र स्टॅटिक आयपी लागतो, नाहीतर कुलपाचं चिन्ह येणार नाही," म्हणाला. स्टॅटिक आयपी म्हणजे इंटरनेटवरचा न बदलणारा आकडी पत्ता. आयपीचे वर्षाला २,५००, कुलपासाठी लागणाऱ्या सर्टिफिकेटचे १,५००. चार साइटचे १६,००० मी त्याच दिवशी दिले.

मार्चमध्ये फायबर तुटली. लाइनमनने मोबाइलवर माझं खातं उघडलं आणि सहज म्हणाला, "तुमच्याकडे स्टॅटिक आयपी एकच आहे ना?"

पोटात गोळाच आला. रात्री लॅपटॉपवर एनएसलुकअप (साइटच्या नावावरून आयपी सांगणारी आज्ञा) लिहून चारही नावं एकेक करून टाकली. चारही वेळा तोच आकडा. मग ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडून बघितली. चारही 'लेट्स एन्क्रिप्ट'ची, ९० दिवसांची. ही संस्था २०१५ पासून सर्टिफिकेट फुकट देते, आणि सर्व्हर त्यांचं नूतनीकरण आपलं आपण करतो!

चीड याची येते, की त्या सेटिंगवाल्याचं बोलणं एके काळी खरं होतं. पान मागताना ब्राउझर साइटचं नावही पाठवतो, ते बघून सर्व्हरवरचा एन्जिनएक्स किंवा अपाचे हा प्रोग्राम त्या साइटचं फोल्डर उघडतो. पण एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे कुलूपवाल्या सुरक्षित जोडणीत, सर्टिफिकेट आधी दाखवावं लागतं, तेव्हा नाव कळलेलंच नसायचं. म्हणून वेगळा आयपी घ्यायचे. २००३ मध्ये एसएनआय नावाचं तंत्र आलं आणि सुरुवातीलाच नाव सांगायची सोय झाली. विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ते जमत नव्हतं, तेवढ्यापुरती ती अडचण पुढे काही वर्षं राहिली. आज नाही. माझ्यासारख्या घरच्या सर्व्हरला एक आयपी पुरतो. म्हणजे त्या १६,००० मधले २,५०० रास्त, बाकीचे बुडाले.

कोणी जादा आयपीचे पैसे मागितले, तर इंटरनेट कंपनीचं बिल आपल्या नावावर मागा. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, कोणाच्या नावावर आहे, तेही लगेच बघून घ्या.

तो माणूस आता फोन उचलत नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. गेल्या आठवड्यात कळलं, घंटाळीच्या एका दुकानदारालाही त्याने सहा आयपी विकलेत. मी दुकानात जाऊन त्यांच्या लॅपटॉपवर सहाही नावं तपासली. आकडा एकच आला.