अमृतसरची वारसा-फेरी : मार्गदर्शक उत्तम, बागेतला वेळ अपुरा

अमृतसरमध्ये एका स्थानिक संस्थेची अडीच तासांची पायी वारसा-फेरी आम्ही नुकतीच केली. जालियनवाला बागेपासून निघून सुवर्णमंदिरापाशी संपणारी ही फेरी करावी असे मी सांगेन, आणि त्याचे श्रेय बव्हंशी त्याच शहरात वाढलेल्या, साठी ओलांडलेल्या आमच्या मार्गदर्शकांना आहे.

त्यांनी आरंभी रौलट कायदा सांगितला नाही. बागेत शिरणाऱ्या अरुंद गल्लीत आम्हा बारा जणांना दोन्ही भिंतींना पाठ लावून समोरासमोर उभे केले आणि ते स्वतः मधून अंग चोरून चालत गेले. 13 एप्रिल 1919 रोजी डायरने आणलेल्या दोन चिलखती गाड्या याच गल्लीमुळे बाहेर राहिल्या, हे त्यानंतर सांगितले. गाड्या आत आल्या असत्या तर मशीनगन चालवल्या असत्या का, असे सरकारने नेमलेल्या हंटर चौकशी समितीत मुंबईच्या सर चिमणलाल सेटलवाडांनी विचारले, तेव्हा डायरने 'बहुधा हो' असेच उत्तर दिले होते. जमाव बिथरला म्हणून नाइलाजाने गोळीबार झाला, असे म्हणायला त्या उत्तरानंतर जागाच उरत नाही. नूतनीकरणात या गल्लीच्या भिंतींवर शिल्पे आली आहेत. माझ्या मते ती नसती तर बरे झाले असते, कारण तिथली कोंडी अंगाला जाणवणे हेच पुरेसे आहे.

आत पन्नास शिपायांनी कोणताही इशारा न देता सुमारे दहा मिनिटांत 1650 गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा 379 मृतांचा, तर काँग्रेसच्या चौकशी समितीचा अंदाज सुमारे 1000 चा. याच समितीने नोंदवलेली रतनदेवींची साक्ष मार्गदर्शकांनी गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीसमोर संथपणे वाचून दाखवली. रात्री आठनंतर संचारबंदी असल्यामुळे मदतीला कोणी येईना, तेव्हा रतनदेवी कुत्र्यांना हाकलण्यासाठी हातात बांबूची काठी घेऊन पतीच्या प्रेताशेजारी रात्रभर बसून राहिल्या होत्या. वाचन संपल्यावर आमच्यातले कोणी बराच वेळ बोलले नाही. गांधीजी, चित्तरंजन दास आणि अब्बास तय्यबजी यांच्यासोबत या समितीत आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही होते, हे मी नंतर सांगितले, तेव्हा मार्गदर्शकांनी ते नाव लगेच वहीत टिपून घेतले.

तक्रार आहे ती आयोजकांच्या आखणीबद्दल. बागेसाठी जेमतेम पस्तीस मिनिटे ठेवली होती, आणि ज्या गल्लीतून 19 एप्रिलपासून हिंदी माणसांना पोटावर सरपटत जायला लावले, ती फेरीत नव्हतीच. हत्याकांडानंतरचा तो अपमान वगळला, तर पुढच्याच वर्षी असहकाराला एवढे बळ कुठून आले हे ऐकणाऱ्याला कळणार कसे? बाजारातल्या थांब्यातली वीस मिनिटे त्या गल्लीला सहज देता येतील. तोवर नोंदणी करताना सकाळची फेरी मागावी आणि तासभर आधी जाऊन बाग स्वतः पाहून घ्यावी.