भिगवण की नांदूर मध्यमेश्वर?

पुण्याच्या भाचीला जानेवारीत एकच दिवस मोकळा आहे आणि पक्षी बघायला कुठे जावं, हे ठरत नाहीये.

अंतरात भिगवण सरस. सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. नांदूर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, म्हणजे पुण्याहून दुप्पट लांब.

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यात मच्छीमारांच्या होडीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) जवळून दिसतात. पण धरण तुडुंब भरलेलं असेल तर चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडत नाहीत आणि रोहित उशिरा येतात, त्यामुळे निघण्याआधी नावाड्याला फोन करावा. "अजून जवळ घ्या दादा" हा हट्ट मात्र नको. थवा उठला की त्यांचं चरणं थांबतं.

नांदूरला गोदावरी-कादवा संगमावरचा जुना बंधारा आहे. हे अभयारण्य २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. इथे मनोऱ्यावरून बघायचं, त्यामुळे पक्ष्यांना त्रास कमी. जांभळ्या पाणकोंबड्या, बदकं, वर घिरट्या घालणारे दलदल ससाणे. दुर्बीण हवीच.

फोटो आणि रोहित हवे असतील तर भिगवण. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी वाढवायची असेल, निवांत बसायची तयारी असेल तर नांदूर. पण पुण्याहून मुक्कामानेच.