पहिला बॅजर ब्रश: कोकणच्या दमट हवेतली पारख

पहिला बॅजर ब्रश, म्हणजे बॅजर या प्राण्याच्या केसांचा दाढीचा ब्रश, घेऊ पाहणाऱ्याला विक्रेता आधी केसांची प्रत सांगतो, मग मुठीचा रंग दाखवतो आणि शेवटी किमतीवर येतो. मालवण, देवगड, वेंगुर्ले अशा किनाऱ्यालगतच्या गावांत राहणाऱ्या ग्राहकाने मात्र सर्वांत आधी केसांचा गुच्छ किती जाड आहे ते विचारावे, कारण इथल्या हवेत ब्रश किती मऊ आहे यापेक्षा तो दुसऱ्या दिवसापर्यंत बुडापासून सुकतो की नाही, यावर त्याचे आयुष्य ठरते. ज्या ब्रशच्या निमित्ताने हे लिहीत आहे, तो ‘बेस्ट’ प्रतीचा, २२ मिलिमीटर गुच्छाचा आणि रेझिनच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या कृत्रिम पदार्थाच्या, मुठीचा आहे. त्यावर छापलेले नाव इथे मुद्दाम देत नाही. तयार गुच्छ चीनमधून घेऊन त्याला आपली मूठ बसवणारे विक्रेते बरेच आहेत आणि सारखाच माल निरनिराळ्या नावांनी बाजारात फिरतो, त्यामुळे नावापेक्षा मापे सांगणे वाचकाच्या अधिक उपयोगाचे आहे.

बॅजर हा बिळात राहणारा, आपल्या खाड्यांमध्ये दिसणाऱ्या पाणमांजराच्या कुळातला प्राणी आहे. त्याचा केस मुळाशी बारीक, मध्ये जाडसर आणि टोकाकडे पुन्हा निमुळता होत गेलेला असतो. असे हजारो केस एकत्र बांधले की त्यांच्या मधल्या पोकळ्यांत पाणी भरपूर साठते आणि टोके मात्र गालाला मऊ लागतात. दाढीचा फेस घट्ट आणि तरीही ओलसर व्हायला हेच साठवलेले पाणी कामी येते. क्रीममध्ये किंवा साबणात ते हळूहळू उतरत जाते. बॅजरची जी ख्याती आहे ती या गुणामुळे, आणि कोकणात त्याची जी अडचण आहे तीही याच गुणामुळे.

प्रतींची नावे ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’ आणि ‘सिल्व्हरटिप’ अशी चढत्या क्रमाने सांगितली जातात. ‘प्युअर’चे केस गडद, जाड आणि थोडे टोचणारे असतात, तर ‘सिल्व्हरटिप’ची टोके नैसर्गिकरीत्या पांढरी असून भिजल्यावर गुच्छ फुलासारखा उमलतो. ‘प्युअर’ हे नाव ऐकून तोच सर्वांत अस्सल असा समज होणे साहजिक आहे, पण बाजारात ते सर्वांत खालच्या प्रतीचे नाव आहे. शिवाय या नावांना कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘बेस्ट’ दुसऱ्या कंपनीच्या ‘सुपर’च्या तोडीचा निघू शकतो, आणि ‘सुपर’ म्हणून विकलेल्या गुच्छाची टोके रसायनाने उजळलेली असू शकतात. म्हणून छायाचित्र पाहताना टोकांचा रंग बघावा. नैसर्गिक टोक किंचित मळकट, दुधी पांढरे असते. कागदासारखे शुभ्र टोक दिसले तर शंका घ्यायला जागा आहे.

नकली बॅजरचा इतिहास जुना आहे आणि एकेकाळी तो जिवावर बेतलेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा पुरवठा विस्कळीत झाला, तेव्हा घोड्याचे केस रंगवून, त्यावर काळा पट्टा उठवून ते बॅजरसारखे दिसतील अशा रीतीने विकले गेले. त्यांतले काही केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते आणि त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्सची लागण झाली. अखेरीस १९२० मध्ये ब्रिटनने जपानी बनावटीच्या दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. आज नामांकित मालाबाबत ती भीती उरलेली नाही, पण रंगवलेला पट्टा अजूनही भेटतो. नवा ब्रश कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावा. काळसर डाग उमटला तर मालाविषयी विक्रेत्याला जाब विचारावा.

आता मापांकडे येऊ, कारण खरी निवड तिथे होते. मुठीत जिथे गुच्छ चिकटवलेला असतो तिथला त्याचा व्यास, आणि मुठीच्या वर दिसणारी केसांची उंची, ही दोन मापे विक्रेत्याने दिलीच पाहिजेत. व्यासाला नॉट आणि उंचीला लॉफ्ट म्हणण्याची पद्धत आहे. पहिल्या ब्रशसाठी २० ते २२ मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटरच्या आसपास उंची पुरेशी होते. उंची कमी असेल तर ब्रश ताठ राहतो आणि कडक साबणाच्या वडीवर चांगला चालतो. उंची जास्त असेल तर तो लवचीक होतो, पण थोडा दाब दिला की सैल पडतो. २६-२८ मिलिमीटरचे दाट गुच्छ दिसायला भारदस्त असतात आणि त्यांचे चाहतेही पुष्कळ आहेत, तरीही मी ते पहिला ब्रश म्हणून सुचवणार नाही. दाट गुच्छाची टोके तासाभरात कोरडी लागतात, पण केस बोटांनी फाकवून बुडाशी, म्हणजे जिथे ते गोंदात रुतलेले असतात तिथे, बोटाचे टोक लावले की गारवा जाणवतो. रत्नागिरीला वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. त्या दिवसांत असा गारवा दुसऱ्या सकाळीही तसाच सापडतो आणि ओलीवरच पुन्हा ओल चढत जाते.

वापरात माझा ब्रश समाधान देतो. दाढीपूर्वी त्याची टोके कोमट पाण्यात मिनिटभर बुडवावीत, पाणी अलगद झटकावे आणि मटारएवढे क्रीम मधोमध घेऊन गालावर गोल फिरवावे. पहिल्या काही फेऱ्यांत फेस पातळ आणि मोठ्या बुडबुड्यांचा दिसतो. मग बुडबुडे लहान होत जातात, केसांवर दह्यासारखा घट्ट थर बसतो आणि हनुवटीखालचे आडवे केस उभे राहतात. ‘बेस्ट’ प्रतीला थोडा खरखरीतपणा असतो आणि तो मला दोष वाटत नाही, कारण त्वचा चोळली गेल्याशिवाय राठ दाढी भिजत नाही. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी एक पायरी वरची प्रत घ्यावी. ब्रश गालावर दाबून खुपसू नये, नाहीतर मधले केस मोडून गुच्छात खळगा पडतो. नव्या ब्रशला ओल्या जनावरासारखा वास येतो. सौम्य शाम्पूने दोन-तीनदा धुतल्यावर तो जातो. सुरुवातीला थोडे केस गळतात, त्याची चिंता करू नये. मात्र महिना उलटूनही रोज केस गळत राहिले तर गोंद कच्चा आहे असे समजावे. पाणी उकळते असेल तर केस आणि गोंद दोन्ही खराब होतात, म्हणून बंबातले कढत पाणी थेट ब्रशवर ओतू नये.

पावसाळ्यातली निगा हा या परीक्षणाचा मुख्य भाग समजावा. आमच्या भागातल्या एका सलूनवाल्याला ब्रश दाखवला तेव्हा त्याने गुच्छ फाकवून बुडाशी पाहिले आणि म्हणाला, “काका, ह्यो पावसात सुकाचो नाय, नीट राखूक व्हयो.” त्याच्याकडे स्वतःसाठी सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचे, ब्रश आहेत, कारण दिवसभर एकामागून एक गिऱ्हाईक येत असताना बॅजर सुकवायला त्याला सवडच नसते. त्याचे बोलणे खरे आहे. दाढी झाली की साबणाचा अंशही राहणार नाही असा ब्रश धुवावा, जोराने झटकावा आणि कोरड्या टॉवेलवर पुढे-मागे फिरवून त्यातले पाणी टिपून घ्यावे. नंतर तो न्हाणीघरात न ठेवता पडवीत किंवा वारा खेळणाऱ्या खिडकीजवळ उभा ठेवावा. उलटा टांगावा की सुलटा ठेवावा यावर वाद घालणारे बरेच आहेत. पण झटकल्यावर उरलेले पाणी केसांच्या बारीक फटींत धरून राहते, ते केवळ उलटे टांगल्याने गळून जात नाही. वारा लागणे महत्त्वाचे आहे. डबीत किंवा आरशामागच्या कपाटात ओला ब्रश कोंडला, तर बुडाशी काळे ठिपके पडतात आणि कुबट वास येतो. गोंदाच्या आत शिरलेली बुरशी मग धुऊनही पुरती निघत नाही. आषाढ-श्रावणात दोन ब्रश आलटून पालटून वापरणे हाच उत्तम उपाय आहे, आणि त्यांतला दुसरा बॅजर असण्याची गरज नाही. न वापरता ठेवायचा ब्रश पूर्ण सुकवून मगच बंद करावा, कारण लोकरीच्या शालीला लागणारी कीड या केसांनाही लागते.

मुठीच्या बाबतीत रेझिन घ्यावे. लाकडी मूठ हातात छान बसते, आणि सावंतवाडीच्या लाखकामाची रंगीत खेळणी पाहिली की तशीच एखादी मूठ बनवून घेण्याचा मोह होतो. लाखेचा लेप मात्र गरम पाण्याने मऊ पडतो आणि सतत ओलावा लागला की त्यावर पांढुरके डाग येतात. शोभेसाठी अशी मूठ सुंदर दिसेल, रोज भिजण्यासाठी ती योग्य नाही. शिंगाची मूठही दमट हवेत वाकण्या-तडकण्याची शक्यता असते.

पाण्याची बाजू कोकणाला अनुकूल आहे. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी सहसा मृदू असते, त्यात फेस लवकर होतो आणि घाटमाथ्यापलीकडच्या जड पाण्यासारखा केसांवर चुन्याचा आणि साबणाचा थर बसत नाही. अगदी किनाऱ्यालगतच्या विहिरी मात्र एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होतात, आणि खारट पाण्यात कितीही चांगला ब्रश असला तरी फेस विरळच येतो. त्या दिवसांत पिण्याच्या पाण्यातले कपभर पाणी दाढीसाठी वेगळे काढावे. ब्रशला दोष देऊ नये.

बॅजर घ्यावाच का, हाही प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने बॅजरला मारणे किंवा पकडणे गुन्हा ठरवले आहे, त्यामुळे लंडनचे नाव मिरवणाऱ्या ब्रशमधले केसही बहुधा चीनमधून आलेले असतात आणि ते जनावर मारूनच मिळवलेले असतात. ज्यांना हे पटत नाही त्यांनी सिंथेटिक घ्यावा. गेल्या काही वर्षांत त्याचे धागे इतके सुधारले आहेत की मऊपणात तो मध्यम प्रतीच्या बॅजरला हार जात नाही, आणि सुकतो तर काही तासांत. आपल्याकडे चित्रकारांच्या ब्रशसाठी मुंगसाचे केस वापरले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो व्यापार बेकायदेशीर आहे, तेव्हा बॅजर म्हणून कोणी मुंगसाचा ब्रश पुढे केला तर तो हातातही घेऊ नये. तिसरा पर्याय डुकराच्या केसांचा. इटलीच्या ओमेगा आणि पोर्तुगालच्या सेमोग या कंपन्या त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तो स्वस्त असतो, सुरुवातीला राठ लागतो आणि वापरता वापरता टोके फाटून मऊ होतो. ज्या घरांत डुकराचा केस वर्ज्य आहे त्यांनी वेष्टनावर नुसते ‘ब्रिसल’ लिहिले असेल तर खात्री करूनच घ्यावा, कारण त्या नावाखाली बहुधा तोच असतो.

गणपतीला आणि शिमग्याला घर उघडणाऱ्या चाकरमान्यांनी गावच्या घरात बॅजर ठेवू नये. बंद घरातल्या ओलीत तो टिकणार नाही. गावी सिंथेटिक ठेवावा आणि बॅजर मुंबईत वापरावा. जे बारमाही इथेच राहतात, ज्यांना सकाळी दाढीला दहा मिनिटे शांतपणे देता येतात आणि ब्रश टिपून वाऱ्यावर ठेवण्याचा कंटाळा नाही, त्यांनी ‘बेस्ट’ प्रतीचा, २२ मिलिमीटरचा, मध्यम दाटीचा आणि रेझिनच्या मुठीचा ब्रश निःशंक घ्यावा. ‘सिल्व्हरटिप’साठी लागणारे जादा पैसे पहिल्या खेपेला खर्च करू नयेत, त्यातल्या थोड्या पैशांत पावसाळ्यासाठी सिंथेटिकची जोड होईल आणि उरलेल्यांत चांगल्या साबणाची वडी येईल. खरेदी शक्यतो पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी, म्हणजे नव्या ब्रशचे केस गळण्याचे आणि वास जाण्याचे पहिले आठवडे कोरड्या हवेत पार पडतात. मागवण्यापूर्वी विक्रेत्याला नॉट आणि लॉफ्टची मापे लेखी मागावीत, आणि केस गळत राहिले तर ब्रश किती दिवसांत बदलून मिळेल तेही विचारून घ्यावे.